रिपोर्ट यायच्या आधी

या महिन्याच्या पत्रांमध्ये एकच सूर आहे. कुणाची नोकरी गेली, कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाचं माणूस गेलं. आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी थोड्याफार फरकाने तोच प्रश्न, की अशा दिवसांत प्रभूमध्ये आनंद करायचा तो कसा? पाच पत्रं निवडली आहेत. नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत. पहिल्या पत्राला जास्त जागा गेली आहे, कारण त्या भगिनी आज ज्या बाकावर बसल्या आहेत, त्यावर मीही बसून आले आहे.

प्रश्न : सिस्टर, प्रभूच्या नावात सलाम. आठ महिन्यांपूर्वी माझ्या मिस्टरांची नोकरी गेली. साठवलेलं होतं ते संपत आलंय. त्यातच मला छातीत गाठ लागली. तुकडा तपासायला पाठवला आहे, रिपोर्ट यायचा आहे. रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही. भगिनी मंडळात सांगितलं, तर एकीने लगेच बायबलमधलं वचन दिलं, "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा." तेव्हापासून भीतीत अपराधीपणाची भर पडली आहे. मला आनंद होत नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?
– एक भगिनी

उत्तर : प्रिय भगिनी, सलाम.

आधी नर्स म्हणून बोलते. गाठ हाताला लागल्याबरोबर तुम्ही दाखवलीत आणि तुकडा तपासायला दिलात, हे फार चांगलं केलंत. कितीतरी बायका महिनोन्‌महिने गाठ झाकून ठेवतात, नुसती प्रार्थना करतात आणि त्यालाच विश्वास म्हणतात. अशा बायकांच्या उशाशी मी बसले आहे. छातीतल्या बहुतेक गाठी साध्या निघतात, हे खरं आहे. पण तुमचा आनंद मी त्या 'बहुतेक'वर उभा करणार नाही.

आता माझं सांगते. चौतीस वर्षं मी वॉर्डात काढली. दुसऱ्यांच्या हातात रिपोर्टचा कागद देणारी मी. मग एक दिवस दाराबाहेरच्या बाकावर बसायची पाळी माझ्यावर आली. आमच्या यजमानांचा बोन मॅरोचा रिपोर्ट यायचा होता. नऊ दिवस लागले. एरवी नातेवाइकांना "धीर धरा, कळेल लवकरच" असं मी दिवसातून दहादा सांगत असे. त्या नऊ दिवसांत कळलं, की ते ऐकणाऱ्याला काय वाटत असेल. फोन वाजला की पोटात खड्डा, नाही वाजला तरी खड्डा. पाचव्या दिवशी मंडळीतल्या एक बाई भेटायला आल्या आणि त्यांनी मलाही हेच वचन दिलं. मी मान हलवली. त्या गेल्यावर मला राग आला. त्यांचा नाही, त्या वचनाचा.

ते वचन ज्या पत्रात आहे, ते अख्खं पत्र त्या रात्री मी उघडून बसले. प्रेषित पौलाने फिलिप्पै नगरातल्या मंडळीला लिहिलेलं हे फिलिप्पैकरांस पत्र चारच अध्यायांचं आहे, १०४ वचनं. सावकाश वाचलं तरी वीस मिनिटांत होतं. इतकी वर्षं त्यातली वचनं मी सुटी सुटी पाठ केली होती, गोळ्यांच्या पाकिटातून एकेक गोळी काढावी तशी. सलग वाचलं तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांत भरलं, की पौल हे सगळं निकाल लागायच्या आधी लिहितोय. तो बेड्यांत आहे. सुटका होईल की मृत्युदंड, हे त्याला ठाऊक नाही. पहिल्या अध्यायात तो जगण्याचंही बोलतो आणि मरणाचंही. दुसऱ्या अध्यायात म्हणतो, माझा सोबती तीमथ्य याला तुमच्याकडे पाठवायचं आहे, माझं काय होतं ते कळलं की लगेच पाठवतो. माझं काय होतं ते कळलं की! हे वाक्य मी वॉर्डात किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल. "सिस्टर, एकदा काय ते कळू दे, मग मुलाला बोलावतो." पौलाचाही रिपोर्ट यायचा होता, भगिनी. आणि मूळ ग्रीक पाहिलं तर त्या एवढ्याशा पत्रात आनंदाचे शब्द सोळा वेळा येतात.

त्याच दुसऱ्या अध्यायात एपफ्रदीत भेटतो. फिलिप्पैच्या मंडळीने पौलासाठी मदत पाठवली, ती घेऊन हा आला आणि अगदी मरणाच्या दारापर्यंत आजारी पडला. पुढे बरा झाला. पौल लिहितो, की देवाने त्याच्यावर दया केली, आणि माझ्यावरही केली, मला दुःखावर दुःख होऊ नये म्हणून. दुःखावर दुःख! म्हणजे एक दुःख आधीच होतं, आणि हे दुसरं आलं असतं तर ते सोसवलं नसतं, हे पौल सरळ कबूल करतो. तिसऱ्या अध्यायात तर तो सांगतो, की हे मी रडत रडत लिहीत आहे. मग येतो चौथा अध्याय आणि "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा." लिहिणारा तोच आहे. कागदावर त्याची आसवं पडली असतील तर ती अजून वाळलीही नसतील.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर "नाही" असं आहे. भीती वाटते म्हणून विश्वास कमी ठरत नाही. गेथशेमाने बागेत प्रभू येशूनेच सांगितलं, की माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, आणि तिघा शिष्यांना सोबत जागं राहायला सांगितलं. त्याला कुणी विश्वास कमी म्हणत नाही.

त्या वचनात आपण 'सर्वदा' या शब्दापाशी अडखळतो. सर्वदा म्हणजे कसं, तर चोवीस तास हसरा चेहरा, असं मनात येतं आणि आपण खचतो. मला आता 'प्रभूमध्ये' हा शब्द जड वाटतो, वजनदार या अर्थाने. आणि तुमच्या भगिनी जिथे थांबल्या, त्याच्या पुढचं वचन वाचा. ते "प्रभू जवळ आहे" असं संपतं. हे कारण आहे. पौल निकालावर आनंद करत नाही, कारण निकाल त्याच्या हातात आलेलाच नाही. जो जवळ आहे त्याच्यावर करतो. त्याच अध्यायात पुढे तो म्हणतो, की कुठल्याही स्थितीत समाधानी राहायला मी *शिकलो* आहे. शिकलो, म्हणजे आधी येत नव्हतं. पहिलं इंजेक्शन देताना थरथरणारे हात मी पुष्कळ विद्यार्थिनींचे पाहिले आहेत. हात थरथरतो म्हणून त्या नर्स होणार नाहीत, असं आम्ही कधी म्हटलं नाही.

आमचा रिपोर्ट वाईट आला. त्यानंतर यजमान दोन वर्षं चार महिने होते. त्यातली एक संध्याकाळ सांगते. सलाइन लावलेलं होतं आणि सवयीप्रमाणे मी घड्याळाकडे बघत थेंब मोजत होते. ते म्हणाले, "नुसते मोजतेस कशाला? एकेका थेंबाला एकेकाचं नाव घे." मग तसं सुरू केलं. एक थेंब पडला की ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याचं नाव. आधी मुलं, नातवंडं. मग त्या खोलीतले सगळे, खाटांच्या क्रमाने. मग ड्यूटीवरच्या मुली, मग मंडळी, ज्यांच्याशी आमचं वाजलं होतं तेसुद्धा. नावं संपली, बाटली काही संपेना. तेव्हा ते अगदी गंभीर चेहऱ्याने यहूदाच्या राजांची नावं घ्यायला लागले. रहबाम, अबीया, आसा, यहोशाफाट. यहोशाफाटला आम्हा दोघांना हसू फुटलं, आणि असं फुटलं की सलाइनचा स्टँड हलायला लागला. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ उठून बसले आणि विचारू लागले, की आम्हालाही सांगा काय झालं ते. रिपोर्ट तिथेच टेबलावर पिवळ्या फाइलमध्ये होता. त्यातलं एक अक्षर बदललं नव्हतं. पण खोलीत आनंद होता, आणि मी शपथेवर सांगते, तो आम्ही दोघांनी ओढूनताणून आणलेला नव्हता.

नोकरीविषयी एक सांगायचं राहिलं. हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या तिसऱ्या अध्यायाचा शेवट तुम्हाला माहीत असेल. अंजीर फुललं नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात धान्य नाही, मेंढवाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. सहा गोष्टी त्याने एकेक करून मोजल्या आहेत. त्या काळी घर ज्यावर चालायचं ते सगळं त्यात आलं. मगच त्याचा 'तरी' येतो, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. आणि या यादीच्या एकच वचन आधी तो सांगतो, की माझे ओठ कापतात, पाय लटपटतात. तुम्ही आणि तुमचे मिस्टर एक वही घेऊन बसा. काय गेलं, काय देणं आहे, किती दिवस पुरेल, हबक्कूकसारखं एकेक मांडा. ती वही समोर ठेवून प्रार्थना करा. आणि पाळकसाहेबांना स्पष्ट सांगा. फिलिप्पैकरांनी पाठवलेली मदत हातात पडली तेव्हा पौलाला आनंद झाला, हे त्याने मोकळेपणाने लिहिलं आहे. माझ्या संकटात सहभागी झालात हे चांगलं केलंत, असं म्हणतो. मदत घेण्यात कमीपणा त्याला वाटला नाही, तुम्हीही वाटून घेऊ नका.

रात्रीसाठी स्तोत्र १३० जवळ ठेवा. आठच वचनं आहेत. पहारेकरी पहाटेची वाट पाहतात त्याहूनही माझा जीव प्रभूची वाट पाहतो, असं त्यात दोनदा म्हटलं आहे. नाइट ड्यूटी केलेल्या बाईला ते दोनदा का, हे सांगावं लागत नाही. तीन वाजल्यानंतर घड्याळ पुढेच सरकत नाही. पण पहाट आणायचं काम आमच्याकडे कधीच नव्हतं. आमचं काम जागं राहायचं होतं.

प्रश्न : सलाम ताई. शिक्षण संपून तीन वर्षं झाली. परीक्षा दिल्या, मुलाखती दिल्या, कुठेच काही जमत नाही. टेबलासमोर यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ हे वचन लिहून लावलं आहे, की देवाचे संकल्प आपल्या हिताचे आहेत, भावी सुस्थितीची आशा देणारे आहेत. हल्ली ते वाचलं की चीड येते. लोकांचे प्रश्न नकोत म्हणून तरुण संघात जाणंही सोडलंय, नोकरी लागली की जाईन. देव वचन पाळत नाही, की माझं काही चुकतंय?
– एक तरुण वाचक

उत्तर : बाळा, सलाम. चीड येते हे लिहिलंस ते बरं केलंस. यिर्मयानेही देवापुढे पुष्कळ चीड ओतली आहे, तू योग्य माणसाच्या पुस्तकात आहेस.

ते वचन भिंतीवरून काढू नकोस, पण त्याच्या वर दहावं वचन लिही. त्यात ७० वर्षं असा आकडा आहे. हे एक पत्र आहे, यरुशलेमहून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना पाठवलेलं. त्यांना एकच हवं होतं, लवकर घरी परत जायचं. आणि तसं सांगणाराही होता. मागचाच अध्याय वाच. हनन्या नावाच्या संदेष्ट्याने सगळ्यांदेखत सांगितलं, की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल, आणि यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू काढून मोडून टाकलं. यिर्मया काय म्हणाला माहीत आहे? आमेन, परमेश्वर तसंच करो. त्यालाही तेच हवं होतं! पण ते खरं नव्हतं. ज्यांनी ते पत्र हातात घेतलं त्यातली बहुतेक मोठी माणसं परत जाणारच नव्हती. अशा लोकांना देवाने हिताचे संकल्प कळवले आहेत. "या वर्षी तुझं नक्की होणार" असं तुला जे सांगतात, ते प्रेमानेच सांगतात, पण ती हनन्याची आशा आहे. दोन वर्षं उलटली की ती संपते, आणि मग चीड उरते.

तुझ्या वचनात 'आशा' म्हणून जो हिब्रू शब्द आहे तो 'तिक्वा'. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ दोरी. यरीहोत इस्राएलाच्या हेरांना लपवणाऱ्या राहाबने, नगर पडेल तेव्हा आपलं घर वाचावं म्हणून, खिडकीला जी किरमिजी दोरी बांधली, तिथेही तोच शब्द आहे. मला हे कळलं तेव्हा फार आधार वाटला. दोरीचं दुसरं टोक कुणाच्या हातात आहे ते अंधारात दिसत नाही, पण ताण जाणवतो. राहाबला दिवस-तारीख कुणी सांगितली नव्हती. दोरी बांध आणि घरातल्यांना आत ठेव, एवढंच सांगितलं होतं.

आता त्या पत्रातलं पाचवं, सहावं, सातवं वचन वाच. घरं बांधा, त्यांत राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. लग्नं करा. ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे परत गेल्यावर जगायला सुरुवात करू, असं म्हणू नका. पुढे ३२व्या अध्यायात यिर्मया स्वतः काय करतो बघ. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलाय, हा स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. आणि चुलतभाऊ हनमेल येऊन म्हणतो, अनाथोथमधलं माझं शेत विकत घे. अशा वेळी शेत कोण घेतं? यिर्मयाने घेतलं. १७ शेकेल रुपं तराजूत तोलून दिलं, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, एक खत मोहोरबंद, एक उघडं, आणि दोन्ही मातीच्या मडक्यात ठेवायला आपला लेखनिक बारूख याला दिली, पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून. हे सगळं झाल्यावर मग तो देवाला विचारतो, की प्रभू, नगर तर हातचं जातंय, आणि तू मला शेत घ्यायला सांगितलंस? शंका होतीच. पण शंका मिटेपर्यंत तो व्यवहार करायचा थांबला नाही.

तू मात्र तीन वर्षं जगणं पुढे ढकललं आहेस. येत्या रविवारी तरुण संघात जा. कुणी विचारलं तर "अजून नाही" म्हण, दोनच शब्द आहेत. आणि शिकण्यासारखं, शिकवण्यासारखं एखादं काम हाती घे, ज्याचं फळ नोकरीवर अवलंबून नाही. अर्ज करणं चालूच ठेव. निकाल काहीही लागला तरी मला लिही.

प्रश्न : संध्याकाळच्या कुटुंबप्रार्थनेत उपकारस्तुती मी करायची, असा आमच्या घरचा शिरस्ता. पत्नीला प्रभूने नेऊन पाच महिने झाले. तोंडातून शब्द फुटत नाही. म्हटली तर मुलांसमोर खोटं बोलल्यासारखं वाटतं. काय करू?
– एक वडील

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र वाचून बराच वेळ मी काही लिहू शकले नाही.

जर्मनीत आयलेनबुर्ग नावाचं एक तटबंदीचं गाव आहे. मार्टिन रिंकार्ट तिथे पाळक होते. तीस वर्षांचं युद्ध चालू होतं आणि आसपासचे निर्वासित त्या गावात येऊन दाटले होते. १६३७ साली तिथे साथ आली. रिंकार्टनी चार हजारांहून जास्त माणसांना मूठमाती दिली. त्यात त्यांची पत्नीही होती. जगभरच्या मंडळ्या आजही जी एक मोठी उपकारस्तुती गातात, आता आपण सर्व देवाचे उपकार मानू या अर्थाची, ती यांची आहे. मुळात ती घरच्या जेवणाच्या वेळी म्हणायची छोटी प्रार्थना होती. मला त्यातलं हे घरगुतीपण फार मोलाचं वाटतं. पत्नी गेल्यावर त्या मेजाशी ती म्हणताना त्यांचा आवाज कसा निघाला असेल, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

स्वतःचे शब्द नसतील तर उसने घ्या. स्तोत्रं त्यासाठीच आहेत. आणि उपकारस्तुती काही महिने थोरल्या मुलाकडे किंवा मुलीकडे द्या. तुम्ही फक्त "आमेन" म्हणा. रडू आलं तर मुलांसमोर येऊ द्या, ती तुमच्याकडे बघून रडायला शिकतील. एखाद्या दिवशी स्तोत्र ८८ वाचा. ते अंधारातच संपतं, शेवटी उजेड नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि देवालाच उद्देशून आहे. पत्नीबद्दल उपकार मानायचे झाले तर एकच लहानशी गोष्ट घ्या, तिने केलेली, तिची म्हणून आठवणारी. ते खोटं होणार नाही.

आणखी एका पत्राला मी घरच्या पत्त्यावर उत्तर पाठवलं आहे. ते पत्र छापत नाही, पण तशा अवस्थेत आणखी कुणी असेल म्हणून इथेही लिहिते. झोप नाही, अन्नावर वासना नाही, सकाळी उठावंसं वाटत नाही, जगून काय करायचं असं पुन्हा पुन्हा मनात येतं, आणि रविवारी मात्र आनंदी चेहरा करून उपासनेला जावं लागतं. असं असेल तर आजच घरातल्या एकाला सांगा आणि त्याला घेऊन डॉक्टरकडे जा. रात्री एकटं राहू नका. हा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. औषध घेतल्याने विश्वास उणा होत नाही. मधुमेहाच्या गोळीने होतो का?

एलीयासारखा संदेष्टा झुडपाखाली बसून म्हणाला, की आता पुरे, माझा प्राण घे. देवाने त्याला एक शब्दही सुनावला नाही. झोपू दिलं. दूताने उठवून भाकर आणि पाणी दिलं. परत झोपू दिलं. परत उठवून खायला दिलं, प्रवास तुझ्या शक्तीबाहेरचा आहे म्हणून. बोलणं पुष्कळ नंतर, होरेब डोंगरावर झालं. मी कितीतरी केसपेपर पाहिले, पण इतकी शहाणी उपचारांची क्रमवारी क्वचित पाहिली.

प्रश्न : माझ्या मैत्रिणीवर एकामागून एक संकटं आली आहेत. मी वचनं पाठवते, पण हल्ली ती उत्तर देत नाही. तिची आशा टिकावी म्हणून काय करू?
– एक वाचक भगिनी

उत्तर : पुन्हा यिर्मयाकडे जाऊ. ३८व्या अध्यायात त्याला विहिरीत टाकलं आहे. पाणी नाही, नुसता चिखल, आणि तो त्यात रुतलाय. राजवाड्यातला एबद-मलेख नावाचा कूशी, म्हणजे कूश देशाचा, माणूस राजाकडे जाऊन त्याच्यासाठी बोलला, ३० माणसं मिळवली, आणि दोर सोडायच्या आधी भांडाराखालच्या खोलीत गेला. तिथून जुन्या चिंध्या आणि फाटके कपडे घेतले, ते दोरांनी खाली सोडले आणि वरून सांगितलं, की या चिंध्या बगलेत धर, आणि त्यांच्या खालून दोर घे. म्हणजे ओढताना दोर काचू नये.

हा उतारा मी नवीन नर्सेसना नेहमी वाचून दाखवत असे. रुग्णाला कूस बदलून देताना टाचेखाली, कोपराखाली मऊ काहीतरी ठेवायचं, हे पुस्तकात असतं. पण एबद-मलेखला ते आपोआप सुचलं, कारण त्याने आधी बगलेचा विचार केला. तुम्ही पाठवता ती वचनं दोर आहेत, मजबूत आहेत, त्यांनीच माणूस वर येतो. पण नुसता दोर आत्ता तिला काचत असेल. आधी चिंध्या न्या. तिच्या मुलांना एक दिवस तुमच्याकडे आणा. तिच्याबरोबर दवाखान्याच्या रांगेत उभ्या राहा. शेजारी बसा आणि गप्प बसा. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री गप्प बसले तोवर सगळं बरं चाललं होतं. तिने स्वतःहून विचारलं, की अगं, ते कुठलं वचन होतं, तर तेव्हा सांगा.

आणि पहिल्या पत्रातल्या भगिनी, तुम्ही रिपोर्टची तारीख लिहिलेली नाही. कळली की मला कळवा. तोवर रोज संध्याकाळी तुमचं नाव घेते आहे, तुमच्या मिस्टरांचंही.